दादरच्या पुड्या आणि कॅमेऱ्याची बॅग

खानदेशात उन्हाळ्यात फोटो काढत फिरायचं असेल, तर पाठीला चिकटणारी सॅक नको, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. माझ्या निकॉन कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत तो वापरायची मर्यादा ० ते ४० अंश अशी दिलेली आहे. म्हणजे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी झोक्यांवरच्या पोरींचे फोटो काढताना कॅमेरा आपल्या मर्यादेच्या पलीकडे काम करत असतो आणि त्याला वागवणारं माणूसही.

मी अमळनेरला राहते आणि आपल्याकडचे सण टिपते. आखाजीची गौराई, श्रावणात घरी स्थापना होते ती कानबाई देवी, मार्गशीर्षातली सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. या तिन्ही ठिकाणी गर्दी असते, हालचाल सतत चालू असते आणि सॅक खाली टेकवायला जागा नसते. लेन्स बदलायची म्हणजे सॅक उतरवा, मांडीवर घ्या, दोन चेनी उघडा. तेवढ्यात डोक्यावर कानबाई घेतलेली बाई गल्लीच्या वळणावरून निघून गेलेली असते. शिवाय पाठ पूर्ण भिजलेली. त्यामुळे एका खांद्यावरून तिरकी घ्यायची, फिरवून पोटाशी आणता येणारी स्लिंग बॅग हवी, एवढं ठरलं होतं. कोणती, याला मात्र बराच काळ लागला, आणि तो लागला तेच चांगलं झालं.

सुरुवात बॅगेपासून केलीच नाही. आधी सगळं सामान एका पिशवीत भरून ओळखीच्या किराणा दुकानात गेले आणि काकांना म्हटलं, गर्दी नसेल तर हे सगळं एकेक करून काट्यावर ठेवू द्या. लेन्सची वजनं कंपन्या देतातच, पण आपण खरोखर जे वागवतो त्यात झाकणं, फिल्टर, पुसायची फडकी, हवा मारायचा रबरी फुगा, चार्जरची वायर असं बरंच असतं. बॅटरी आणि कार्डासह बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ७०५ ग्रॅम. २४-१२० ची लेन्स (हे आकडे मिलिमीटरमधले; आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) ६३० ग्रॅम. ७०-१८० ची लेन्स ७९५. छोटी ४० एमएम १७०. दोन जास्तीच्या बॅटऱ्या धरून दीडशेच्या वर थोड्या. किरकोळ सामान पावणेदोनशे-दोनशे. बेरीज अडीच किलोच्या पुढे गेली. त्यात लिटरभर पाणी म्हणजे आणखी एक किलो, आणि चांगली गादी असलेली रिकामी बॅगच आठशे-नऊशे ग्रॅमची असते. सगळं मिळून साडेचार किलो, एकाच खांद्यावर, सकाळी सहापासून ऊन उतरेपर्यंत.

हा आकडा काट्यावर बघितल्यावर विचारायचा प्रश्नच बदलला. साडेचार किलो आरामात वागवेल अशी एका पट्ट्याची बॅग शोधत बसण्यात अर्थ नव्हता. मानेपासून खांद्यापर्यंत जो स्नायू असतो, तिरक्या पट्ट्याचा सगळा भार त्याच्यावर येतो. तो भार दुसऱ्या बाजूला वाटला जात नाही, म्हणून शरीर नकळत एका बाजूला कलतं आणि कंबर ते सावरत राहते. पट्टा कितीही मऊ असला तरी हे गणित तसंच राहतं. मग घरातच एक प्रयोग केला. दादर ज्वारीच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या बांधल्या, जुन्या कापडी पिशवीत भरून ती तिरकी अडकवली आणि वजन कमी-जास्त करत रोजचं फिरणं केलं. भाजी आणणं, जिने चढणं, स्टेशनपर्यंत चालत जाणं. तीन किलोपर्यंत मी विसरून जायचे की खांद्यावर काही आहे. साडेतीनला मान आखडायला लागायची. हा माझ्या शरीराचा हिशेब आहे, दुसऱ्याचा वेगळा निघेल. पण प्रत्येकाने तो आपापला काढावा असं मी मनापासून सांगेन, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर उभे राहतात.

तीन किलो, बॅगेसकट. म्हणजे काहीतरी घरी ठेवावं लागणार होतं. हे मला जड जात होतं. त्याच सुमारास चाळीसगावला जाणं झालं आणि रेल्वे स्टेशनजवळच्या कलादालनात केकी मूस यांची छायाचित्रं पुन्हा निवांत बघितली. १९१२ ते १९८९ असं आयुष्य लाभलेल्या या माणसाने कित्येक वर्षं घराबाहेर फारसं पाऊल न टाकता, टेबलावर वस्तू मांडून जगभर गाजलेली छायाचित्रं केली. आपल्याच खानदेशात राहून केली. त्या चित्रांसमोर उभं राहिल्यावर दुसरी लेन्स नेऊ की तिसरीही नेऊ, ही ओढाताण कमी झाली. मी ठरवलं: आखाजी आणि कानबाईला २४-१२० आणि ४० एमएम, लांबची लेन्स घरी. सारंगखेड्याला २४-१२० आणि ७०-१८०, छोटी घरी. पहिला संच पावणेदोन किलोच्या आसपास, दुसरा सव्वादोन-अडीच. बॅग धरून दोन्ही माझ्या मर्यादेला लागून बसतात. पाण्याची बाटली वेगळ्या कापडी झोळीत, दुसऱ्या खांद्यावर. त्याने तोलही सांभाळला जातो आणि पाणी सांडलं तरी कॅमेऱ्यावर सांडत नाही.

हतनूरच्या जलाशयावर पक्षी टिपायला जाणाऱ्या मित्रमंडळींना हे लागू नाही. १८०-६०० सारखी लेन्स एकटीच दोन किलोची असते. तिला सॅकच हवी, कमरेच्या पट्ट्याची. स्लिंग बॅगेत ती कोंबायचा हट्ट करू नये.

वजन ठरल्यावर मापं. बॅगा लिटरमध्ये विकल्या जातात. उदाहरणार्थ पीक डिझाइन या कंपनीच्या स्लिंग ३, ६ आणि १० लिटरमध्ये मिळतात. लिटरवरून अंदाज येतो, पण आकार कळत नाही. मला लेन्स लावलेला कॅमेरा तसाच आत ठेवायचा होता, कारण वेगळा करून ठेवला तर बॅग घ्यायचं कारणच संपतं. २४-१२० ही लेन्स ११८ मिलिमीटर लांब, त्यात बॉडीची जाडी सात सेंटिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे जवळपास १९ सेंटिमीटर. ७०-१८० लावली तर २२ पर्यंत जातं. म्हणून आतून किमान २३ सेंटिमीटर लांबी हवी, हे कागदावर लिहून ठेवलं. इथे एक गोष्ट नीट बघावी लागते: वर्णनात अनेकदा बाहेरची मापं दिलेली असतात, आणि दोन्ही बाजूंचा फोम मिळून आतले दोन-तीन सेंटिमीटर सहज खातो. दुकानात मोजपट्टी घेऊन जाणं हाच खरा उपाय.

मोजपट्टी घेतली, आणि दादरच्या पुड्याही घेतल्या. कॅमेरा सगळीकडे काढून दाखवायचा नव्हता, पण रिकामी बॅग खांद्याला लावून काहीही कळत नाही. रिकामी प्रत्येक बॅग आरामशीरच वाटते. जळगावातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या ज्वारीच्या पुड्या बॅगेत भरायला लागले तेव्हा दुकानदार दादा आधी बघतच राहिले. मग कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतःच आतून आणखी बॅगा आणल्या, म्हणाले, "ताई, सावकाश बघा, आमच्याकडे लग्नाचं काम करणारे येतात, त्यांना मोठ्या सॅकच लागतात. या स्लिंग कोणी एवढ्या बारकाईने बघत नाही." खरंच तिथे स्लिंग मोजक्याच होत्या. पण त्या मोजक्यांनीच मला काय बघायचं ते शिकवलं.

पहिली होती कडक, डब्यासारखी. तिचा खालचा कोपरा चालताना कमरेच्या हाडावर आपटत होता. कॅमेऱ्याला संरक्षण उत्तम, पण अंगाला ती मानत नव्हती. १९७५ मध्ये फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वृत्तपत्रात काम करणाऱ्या जिम डोम्की या छायाचित्रकाराने कडक पेट्यांना कंटाळून मऊ कॅनव्हासची बॅग स्वतः बनवून घेतली, ती पुढे जगभरच्या वार्ताहरांनी वापरली. मऊ पिशवी अंगाच्या वळणावर बसते, हे तिचं मर्म. फक्त फोमशिवायची बॅग आपल्या एसटीच्या प्रवासात मला पुरेशी वाटत नाही. म्हणून मधलं काहीतरी: तळ आणि बाजू भरीव, पाठीकडची बाजू वाकणारी.

दुसरी बॅग उजव्या खांद्यावरच घेता येईल अशी होती. अशा बऱ्याच बॅगा असतात. पट्टा उजव्या खांद्यावर, बॅग पाठीवर, आणि डाव्या काखेखालून ओढून पुढे आणायची. उजव्या हाताने काम करणाऱ्याला कॅमेरा काढायला सोपं जातं. पण दिवसभरात खांदा बदलता आला नाही तर तीन किलोही चार वाटायला लागतात. माझ्या मते आरामाच्या बाबतीत हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि वर्णनात तो बहुधा कुठेतरी शेवटी लिहिलेला असतो. पट्टा दोन्ही टोकांना सारखा जोडलेला हवा, बॅग डावी-उजवी कशीही घेता यायला हवी. जेवायला बसण्याआधी एका खांद्यावर, नंतर दुसऱ्यावर, एवढी अदलाबदल केली तरी संध्याकाळी मान मोकळी राहते.

पट्ट्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आराम बहुतेक तिथेच ठरतो. रुंदी बघा. तेच वजन अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्यावर आलं तर पाचाच्या मानाने दुप्पट दाब पडतो. पण नुसती रुंदी पुरत नाही. फार मऊ गादी भार आल्यावर चपटी होते आणि आतला नायलॉनचा पट्टा मधोमध रुततो. अंगठ्याने गादी दाबून बघायची: थोडी दबली पाहिजे आणि लगेच वर आली पाहिजे. मग कडा. शिवणीची कडक कड मानेच्या उघड्या कातडीला घासली की घामात तासाभरात लाल वळ उठतो. आणि पट्टा लांब-आखूड करायचं बकल कुठे येतं ते भार भरून, पूर्ण आवळूनच बघायचं.

हा शेवटचा मुद्दा बायकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल कोणी उघड लिहीत नाही म्हणून मी लिहिते. तिरका पट्टा छातीच्या मधून जातो. बॅगेची लांबी ज्या शरीराला धरून ठरवलेली असते ते बहुधा उंच पुरुषाचं असतं. माझ्या उंचीला पट्टा पूर्ण आवळल्यावर गादीचा भाग खांद्यावरून मागे सरकायचा आणि बकल बरोबर छातीवर यायचं. तिथे ते टोचतं, ओढणी अडकते, साडी असेल तर पदर अडकतो आणि पिनेसकट ओढला जातो. सणाच्या ठिकाणी मी साडी नेसूनही जाते, कारण कानबाईच्या घरात बायका मग मला आपल्यातली समजून चुलीपर्यंत येऊ देतात. म्हणून बकल पाठीकडे किंवा बॅगेच्या अगदी जवळ असलेलीच बॅग मला चालणार होती. दुकानातल्या दादांना हे सांगताना मी संकोच केला नाही. त्यांनीही समजून घेतलं आणि त्यांच्या बहिणीला बाहेर बोलावलं. तिने माझ्या पाठीवर पट्टा नीट करून दिला तेव्हा कुठे खरी मापं कळली.

मग वाकून बघायचं. खाली पडलेली चप्पल उचलल्यासारखं वाकलं की बहुतेक स्लिंग बॅगा सर्रकन पुढे येतात आणि समोरच्यावर आदळतात. घोड्याच्या पायाशी बसून फोटो काढताना हे होणं धोक्याचं आहे. काही बॅगांना काखेखालून जाणारा छोटा आधाराचा पट्टा असतो, तो लावला की बॅग जागेवर राहते. तो एका हाताने काढता-लावता आला पाहिजे. उकिडवं बसले, एसटीची पायरी चढल्यासारखा पाय उंच टाकला, हात वर करून कॅमेरा धरल्याचा आव आणला. पट्टा थोडा आवळून बॅग उंच, पाठीला टेकून ठेवली की तेच वजन हलकं लागतं. कमरेखाली लोंबकळणारी बॅग प्रत्येक पावलाला ओढते.

झाकण कोणत्या बाजूला उघडतं तेही बघा. बॅग पोटाशी आणल्यावर झाकण आपल्यापासून पलीकडे उघडलं तर आत सरळ दिसतं. आपल्या अंगाकडे उघडलं तर झाकण आणि पोट यांच्या मध्ये हात अडकतो. अस्तर फिकट रंगाचं असावं, काळ्यात लेन्सचं काळं झाकण सापडत नाही. आणि झाकणाला वेल्क्रो नको. कानबाईच्या रात्री सगळं घर गाण्यात असतं. तिथे वेल्क्रोचा फर्रकन आवाज झाला की म्हाताऱ्या बायका गाता गाता थांबून वळून बघतात, आणि त्यांचं गाणं तोडायचा मला अधिकार नाही.

जळगावात सगळं जुळणारी एक मिळाली नाही. मग तिथे शिकलेल्या गोष्टींची यादी समोर ठेवून दोन बॅगा ऑनलाइन मागवल्या, परत करता येतील अशा. एक सहा लिटरच्या आसपासची, एक दहाची. दहाची चांगलीच होती, पण मी तिच्यात काय केलं? रिकामी जागा दिसली म्हणून ७०-१८० आणि ४० एमएम दोन्ही भरल्या, वर छत्री ठेवली. वजन लगेच पावणेचारवर. ती परत पाठवली. लहान बॅग आपल्याला आवरते आणि मला तेच हवं होतं. सहाची ठेवली. राखाडी रंगाची, कारण काळी उन्हात फार तापते.

तिचा पट्टा मात्र माझ्या मताने थोडा अरुंद होता. बाजारपेठेत बॅगा शिवणाऱ्या एका काकांकडे घेऊन गेले. त्यांनी पट्टा हातात घेऊन, बॅग उचलून बघितली आणि म्हणाले, "पट्टा बारीक शे ना माय, खांदा दुखीच." त्यांनी जुन्या योगा मॅटच्या तुकड्याला सुती कॅनव्हासचं आवरण शिवून, पट्ट्यावर पुढे-मागे सरकेल असा सात सेंटिमीटर रुंदीचा उशीवजा तुकडा करून दिला. कडा आत दुमडून शिवल्या. आवरण काढून धुता येतं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मे महिन्यात दोन दिवसांत घामाचं मीठ पांढरं दिसायला लागतं, आणि ते साठलं की कापड कडक होऊन घासतं. सरकता असल्यामुळे खांदा बदलला तरी तो बरोबर जागी येतो.

श्रावणात कानबाईला पहिली खरी परीक्षा झाली. रविवारी स्थापना, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. मध्ये पावसाची सर आली. रेनकव्हर तळाच्या कप्प्यात होतं, पण गल्लीत नाचणाऱ्या बायकांच्या मधोमध ते काढत बसणं जमण्यासारखं नव्हतं. बॅग पोटाशी घेतली, पदर वरून ओढला आणि कडेच्या ओट्यावर गेले. कापडाने तेवढी सर झेलली. विसर्जनाच्या वाटेवर लेन्स दोनदा बदलली, दोन्ही वेळा चालता चालता, बॅगेच्या उघड्या झाकणावर लेन्स टेकवून. सॅक असती तर ते फोटो नसतेच.

सारंगखेड्याला त्रास धुळीचा. दत्तजयंतीच्या सुमाराला तापीच्या काठी घोडे पळवून दाखवतात, तेव्हा हवा पिवळी होते. ती बारीक धूळ चेनीच्या दातांत बसते आणि चेन अडकायला लागते. रोज रात्री मऊ दात घासायच्या ब्रशने चेन झाडते, मग तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा हलकेच फिरवते. आतली धूळ काढायला सगळे आडपडदे बाहेर काढून बॅग उलटी करून झटकते. यात्रेत लेन्स बदलायची तर वाऱ्याकडे पाठ करून, बॅग पोटाशी, कॅमेऱ्याचं तोंड खाली. तिथे बॅग पुढे घेण्याचा आणखी एक फायदा: गर्दीत मागून चेन उघडायचा प्रयत्न कोणी करू शकत नाही.

बॅगेचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. धुळ्याच्या माझ्या मैत्रिणीने माझी बॅग बघून तीच मागवायचं ठरवलं होतं. ती माझ्यापेक्षा चांगलीच उंच, कॅमेरा लहान, आणि तिच्या उजव्या खांद्याचं जुनं दुखणं आहे. माझी बॅग तिला लावून बघितली तर बॅग काखेतच अडकत होती आणि काखेखालचा पट्टा पुरत नव्हता. आम्ही तिचं सामान काट्यावर ठेवलं, दीड किलोच्या आत निघालं. तिला आम्ही तीन लिटरची, लांब पट्ट्याची, फक्त डाव्या खांद्यावर बसणारी बघितली. पुड्या मात्र माझ्याच होत्या, दादरच्या. त्या तिने ठेवून घेतल्या आहेत, तिच्या ओळखीतल्या आणखी दोघींना बॅगा घ्यायच्या आहेत म्हणून.